छिंग दरबारी काच घेण्याआधीची तपासणी: बुडावरचा शिक्का शेवटी वाचा

चीनमधल्या छिंग राजवटीतली (१६४४–१९१२) दरबारी काच म्हणून एखादी वस्तू हातात आली की बहुतेक जण पहिल्यांदा ती उलटी करतात. बुडावर चार चिनी अक्षरं दिसली की मनात निम्मा सौदा ठरतो, आणि उरलेली वस्तू त्या ठरलेल्या मताला जुळवून पाहिली जाते. पैसे जातात ते इथे. अक्षरं दोनशे वर्षांनंतरही कोरता येतात. काचेचा पोत, चाकावरचं घासकाम आणि झीज यांची नक्कल करणं त्याहून कितीतरी अवघड आहे. म्हणून खालचा क्रम मोडू नका: आधी काच, मग घासकाम, मग झीज, मग दुखापती आणि सगळ्यात शेवटी शिक्का.

हा क्रम एकरंगी फुलदाण्या, वाडगे, थरांची कोरीव काच आणि तपकिरीच्या कुप्या यांना लागू आहे. काचेवर मीनाकारी केलेल्या वस्तूंचा मामला वेगळा आहे, तो पाचव्या टप्प्यात येईल.

## तयारी

टेबलावर जाड, दुमडलेला टॉवेल किंवा फेल्ट अंथरा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ उतरवा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे घालू नका, गुळगुळीत काच त्यातून सटकते. घालायचेच असतील तर नायट्राइलचे, मापाचे घाला.

सोबत एवढं ठेवा:

- सोनार वापरतात ते दहापट भिंग
- अरुंद झोताची टॉर्च, आणि शक्य असेल तर खिडकीचा उजेड
- ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च (३९५ नॅनोमीटरचे स्वस्त टॉर्च जांभळा उजेड इतका फेकतात की बारीक फरक दिसत नाहीत)
- प्लास्टिकच्या जबड्यांचा कॅलिपर
- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा
- सपाट काचेचा तुकडा आणि पातळ कागदाची पट्टी

वस्तू विमानाने आली असेल तर खोका २४ तास बंदच राहू द्या. गार पडलेली काच मुंबईच्या दमट हवेत लगेच उघडली तर तिच्यावर पाणी धरतं, आणि नाजूक जुन्या काचेला तेवढा ओलावाही बाधतो.

डोळा तयार करणं हाही तयारीचाच भाग आहे. छिंग काळात काचेतून जेड, लाजवर्द, मनशीळ (नारिंगी-लाल खनिज), अकीक यांची हुबेहूब नक्कल व्हायची, त्यामुळे खरा दगड पाहिलेला नसेल तर नक्कल किती चांगली आहे हे कळत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या चिनी-जपानी वस्तू आहेत. तिथले जेड सावकाश पाहून या. काचेसाठी बीजिंग आणि तैपेईची राजप्रासाद संग्रहालयं, अमेरिकेतलं कॉर्निंगचं काच संग्रहालय आणि इंग्लंडमधलं ब्रिस्टलचं संग्रहालय यांची छायाचित्रं पाहा. मोठी छायाचित्रं उघडून नुसत्या कडा पाहत जा.

सावधान: वस्तू मानेला धरून उचलू नका. एक हात पोटाला, एक बुडाखाली. झाकण असेल तर ते आधी काढून वेगळं ठेवा.

## टप्पा १: काच आणि रंग

वस्तू उभीच ठेवा आणि मागून टॉर्च लावा. अपारदर्शक वाटणाऱ्या काचेतूनही पातळ कडेशी थोडा उजेड येतो. तिथे तीन गोष्टी शोधा: बुडबुडे, रंगाचे पदर आणि जाडीतला फरक.

फुंकून घडवलेल्या काचेत बुडबुडे सहसा ओढले गेलेले असतात. मानेजवळ लांबट, पोटात जास्त गोल. रंगाचे बारीक पदर मानेभोवती वळसा घेतात. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी नसते. कॅलिपरने चार ठिकाणी मोजा. चारही आकडे तंतोतंत जुळले तर साच्यात दाबलेल्या काचेचा संशय घ्या.

पैलूदार फुलदाणीत आणखी एक तपासणी होते, आणि ती फार उपयोगाची आहे. टॉर्च तोंडातून आत सोडा. बाहेरून आठ पैलू आणि आतून पोकळी गोल असेल, तर जाड फुंकलेली काच नंतर चाकावर घासून पैलू काढले आहेत. आतली भिंतही बाहेरच्या पैलूंमागोमाग वळत असेल तर पैलू साच्यातून आले आहेत. पाकळ्यांच्या घाटाच्या काही खऱ्या वस्तूही साच्यात फुंकलेल्या असतात, म्हणून एवढ्यावर वस्तू नाकारू नका. पण पैलूंच्या धारा बोटाला बोथट, वितळल्यासारख्या लागत असतील तर पुढच्या टप्प्यात जास्त कडक व्हा.

रंगावरून काळ ठरवण्याचा मोह टाळा. गडद पिवळा म्हणजे दरबारी, हे समीकरण विक्रेत्यांच्या सोयीचं आहे. राजवाड्याच्या कार्यशाळेत शानतोंग प्रांतातल्या पोशानचे कारागीर काम करत, आणि त्याच पोशानहून तयार काच चीनभर विकायला जात असे. राजवाड्याचा आणि बाजाराचा रंग त्यामुळे पुष्कळदा सारखाच दिसतो. खरा फरक घासकामाच्या दर्जात असतो.

आता खोली अंधारी करून अतिनील टॉर्च लावा. काच झगझगीत हिरवी चमकली तर तीत युरेनियम असण्याची दाट शक्यता आहे. युरेनियमची काच १८३० च्या दशकापासून बाजारात रुळली. म्हणजे वस्तू अठराव्या शतकातली असल्याचा दावा तिथेच संपला. मंद, मळकट हिरवट झाक मात्र मॅंगनीजमुळेही येते, ती पुरावा धरू नका.

तपासा: इथपर्यंतच्या नोंदी कागदावर लिहून मगच पुढे जा. शिक्का पाहिल्यावर आधीच्या नोंदी आपोआप सौम्य होतात.

## टप्पा २: चाकावरचं घासकाम

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

जुन्या काळी काचेवरचं कोरीवकाम फिरत्या चाकावर, ओल्या अपघर्षक भुकटीने होत असे. थरांच्या काचेत खालचा रंग एक, वरचा दुसरा. वरचा थर नको तिथून घासून काढला की उरलेल्या भागातून कमळ, ड्रॅगन, वटवाघूळ उठून दिसतं. हे काम पाहायचं ते नक्षीकडे नव्हे. नक्षीच्या मधल्या मोकळ्या जमिनीकडे पाहायचं.

टॉर्च आडवी, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा आणि जमिनीवरून झोत फिरवा. चांगल्या कामात जमीन नीट सपाट केलेली असते, तरी हाताच्या कामाची अगदी हलकी लाट जाणवते. नक्षीच्या पायथ्याशी, जिथे पान जमिनीला मिळतं त्या कोपऱ्यात, भिंगातून बारीक रेघा दिसतात, कारण पॉलिशचं चाक तिथे पोहोचत नाही. पाकळीच्या टोकाशी दोन कडा मिळतात तो कोनही स्वच्छ असायला हवा. दरबारी कामात अशा अवघड जागांवर कष्ट घेतलेले दिसतात. बाजारी कामात दर्शनी भाग चकचकीत असतो आणि मागची बाजू उरकलेली.

नकली काम तीन प्रकारांनी उघडं पडतं:

1. आम्लाने खाल्लेली जमीन. सगळीकडे एकसारखी धूसर, चाकाची एकही रेघ नाही, आणि नक्षीच्या कडा विरघळल्यासारख्या मऊ.
2. साच्यातली नक्षी. उंच भाग गोलसर, कुठेतरी सांध्याची पुसट रेघ. ती रेघ बहुधा मानेच्या बाजूला किंवा बुडाजवळ सापडते.
3. विजेच्या हत्याराचं काम. रेघा समांतर, सारख्या खोलीच्या, घाईच्या. कोपऱ्यांत सूक्ष्म टवके.

वरच्या थराची जाडीही पाहा. नवीन वस्तूंत तो अनेकदा इतका पातळ असतो की नक्षीच्या कडेला खालचा रंग झिरपल्यासारखा दिसतो.

सावधान: कडकपणा तपासायला सुईने किंवा चाकूने ओरखडा काढू नका. काचेचा कडकपणा मोहस मापनावर साधारण ५ ते ५.५, जेडचा ६ ते ७. एवढं कळण्यासाठी वस्तू खराब करण्याची गरज नाही, ते काम बुडबुडे करतात. जेडमध्ये बुडबुडे नसतात.

## टप्पा ३: बूड, पायाची कड आणि तोंड

आता वस्तू आडवी करा, पण बुडाच्या मध्यभागी पाहू नका. आधी पायाची कड.

सपाट काचेच्या तुकड्यावर वस्तू ठेवा आणि कागदाची पट्टी चारही बाजूंनी कडेखाली सरकवून पाहा. जिथे ती अडते तिथे वस्तू टेकते. झीज तिथेच असायला हवी. खरी झीज म्हणजे वेगवेगळ्या दिशांच्या, वेगवेगळ्या खोलीच्या बारीक रेघा, टेकण्याच्या जागी दाट आणि बाजूला विरळ होत जाणाऱ्या. पॉलिश पेपरने केलेली झीज एकाच दिशेची असते, आणि पुष्कळदा खोलगट बुडातही पसरलेली असते, जिथे टेबल कधी लागलंच नाही.

झीज अगदी कमी दिसली म्हणून घाबरू नका. पेटीत जपलेल्या वस्तूची कड जवळजवळ कोरी राहू शकते. चुकीच्या जागी दिसणारी झीज मात्र माफ करू नका.

मग तोंड. जुन्या फुलदाण्यांच्या तोंडाला टवके उडतात, आणि ते लपवायला तोंड घासून खाली आणलेलं असतं. तोंडाच्या कडेचं पॉलिश आणि पायाच्या कडेचं पॉलिश भिंगातून एकापाठोपाठ पाहा. एक जुनं, मऊ आणि दुसरं ताजं, काचेरी असेल तर तोंड कापलं आहे. मान एकूण घाटाला आखूड वाटते का, हेही संग्रहालयातल्या तशाच वस्तूशी ताडून बघा. तोंड घासलेली वस्तू खरी असू शकते, पण तिची किंमत अखंड वस्तूची नव्हे.

तपकिरीच्या कुपीत झाकण आणि चमचा सहसा नंतरचे असतात. त्यांना भाव देऊ नका.

## टप्पा ४: दुखापती, दुरुस्ती आणि काचेचा रोग

खांगशी सम्राटाच्या काळातल्या पारदर्शक काचेत एक दोष वारंवार आढळतो. मिश्रणात अल्क (सोडा, पोटॅशसारखे क्षार) जास्त आणि चुना कमी पडला, की हवेतला ओलावा काचेतला अल्क हळूहळू बाहेर ओढतो. सुरुवातीला काच धुरकट आणि बोटाला किंचित बुळबुळीत लागते. मग आडव्या उजेडात चंदेरी केसांसारख्या रेघा दिसतात. पुढे त्यांची जाळी होते आणि शेवटी पापुद्रे सुटतात. जाळी एकदा धरली की परत जात नाही.

याबाबत दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे जाळीला जुनेपणाचा दाखला मानणं. युरोपातल्या आणि नंतरच्या काळातल्या काचेलाही हाच रोग होतो, त्यामुळे जाळी काचेची घडण सांगते, वय नाही. दुसरी म्हणजे धुरकटपणा धुऊन काढायचा प्रयत्न. तो घरी करू नका, काच-संवर्धकाकडे न्या.

दुरुस्तीसाठी पुन्हा अतिनील टॉर्च. इपॉक्सीचा भराव बहुधा निळसर पांढरा चमकतो आणि भोवतालच्या काचेपासून वेगळा दिसतो. मानेचा सांधा, पायाची कड आणि उठावाच्या नक्षीची टोकं, या तीन जागा आधी पाहा.

सावधान: नखाने टिचकी मारून आवाज ऐकण्याची सवय सोडा. केसाएवढा तडा टिचकीने पुढे सरकतो. मीनाकारी किंवा सोनेरी काम असलेल्या जागी ॲसिटोनचा बोळा कधीही लावू नका.

## टप्पा ५: शिक्का

आता शिक्का वाचा. वस्तू कोणत्या सम्राटाच्या काळात झाली ते तो सांगतो. नेहमीचा शिक्का चार अक्षरांचा, दोन उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे वाचायचा, आणि बऱ्याचदा चौकटीत असतो. सम्राटांचे कालखंड जवळ ठेवा: खांगशी १६६२–१७२२, योंगचंग १७२३–१७३५, छ्येनलोंग १७३६–१७९५, च्याछिंग १७९६–१८२०, ताओक्वांग १८२१–१८५०. राजवाड्याची काच कार्यशाळा १६९६ मध्ये जर्मन जेझुइट मिशनरी किलियान श्टुम्फ यांच्या देखरेखीखाली सुरू झाली. तेव्हा ‘१६७० ची दरबारी कार्यशाळेतली काच’ असा दावा कोणी केला तर पुढे ऐकायची गरज नाही.

अक्षर ओळखीचं आहे का, याआधी अक्षर कसं कोरलं आहे ते पाहा. चाकाने वळण एका ओघात घेता येत नाही. वळणदार रेघ छोट्या सरळ कापांची बनते, आणि प्रत्येक काप टोकाला निमुळता होतो. त्यामुळे चाकावरची अक्षरं जराशी ताठर दिसतात, आणि ते योग्यच आहे. सुलेखनासारखी लवचीक, सगळीकडे सारख्या खोलीची, कडेला दाणेदार अक्षरं आधुनिक हत्याराची किंवा लेझरची असण्याची शक्यता जास्त. आम्लाने केलेल्या अक्षरांचा तळ मॅट आणि कडा पुसट असतात.

मग या लेखातली सर्वांत महत्त्वाची तपासणी. अक्षराच्या कडेला भिंग धरा आणि बुडावरचे जुने ओरखडे अक्षरापाशी आल्यावर काय करतात ते पाहा. ओरखडा येऊन अक्षराच्या कडेला बोथट करून पलीकडे गेला असेल, तर अक्षर आधीचं आणि झीज नंतरची. अक्षराने ओरखडा मध्येच स्वच्छ तोडला असेल आणि अक्षराची धार ताजी असेल, तर जुन्या काचेवर नवा शिक्का मारला आहे. ही फसवणूक सगळ्यात जास्त चालते, कारण काच खरोखर जुनी असते आणि आधीचे चारही टप्पे ती पार करते. खोलगट बुडावर ओरखडेच नसतील तर ही तपासणी होत नाही. मग शिक्का तटस्थ धरा, बाजूनेही नाही आणि विरोधातही नाही.

शिक्का नसलेली उत्तम दरबारी काच पुष्कळ आहे. छ्येनलोंगचा शिक्का असलेली एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातली काचही पुष्कळ आहे.

मीनाकारीच्या काचेबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: भक्कम मालकी-इतिहास नसेल तर नवख्याने हात लावू नये. मिन्याचा आणि काचेचा वितळणबिंदू इतका जवळ असतो की भट्टीत मिना बसेपर्यंत भांडंच वाकायला लागतं. म्हणून खऱ्या वस्तू फार थोड्या झाल्या, आणि ‘कू-युए-श्युआन’ (प्राचीन चंद्राचा मंडप) या शिक्क्याच्या नकला मात्र उदंड आहेत. भिंगाखाली रंगात छपाईचे सारखे ठिपके दिसले तर प्रश्नच मिटला.

## टप्पा ६: कागदपत्रं

जुन्या लिलावाच्या सूचीत हीच वस्तू होती असं सांगितलं जात असेल, तर घाट आणि रंग जुळवून थांबू नका. बुडबुडे आणि रंगाचे पदर जुळवा. जुन्या छायाचित्रात खांद्यावर डाग आहे, मानेवर पांढरा पदर आहे, तर तो त्याच जागी तुमच्यासमोरच्या वस्तूतही हवा. दोन वस्तूंत तो सारखा असूच शकत नाही.

बुडावर जुनं लेबल चिकटवलेलं असेल तर त्यावर अतिनील टॉर्च मारा. कागद झगझगीत निळा-पांढरा चमकला तर त्यात उजळवणारं रसायन आहे. ते कागदात सर्रास वापरात आलं १९५० च्या सुमारास. ‘१९२० चं लेबल’ तसं चमकता कामा नये.

प्रयोगशाळेचा अहवाल हवा असेल तर क्ष-किरण फ्लुरोसन्स तपासणी मागा, ती वस्तूला इजा न करता होते. लाल-पिवळ्या काचेत कॅडमियम किंवा सेलेनियम सापडलं तर अठराव्या शतकाचा दावा टिकत नाही. तपासणीत काही वावगं न सापडणं म्हणजे वस्तू दरबारी ठरणं नव्हे. काचेला थर्मोल्युमिनेसन्सचा वयाचा दाखला जोडला असेल तर विक्रेत्यावरच शंका घ्या, ती पद्धत भाजलेल्या मातीच्या वस्तूंसाठी आहे.

कायद्याचं थोडक्यात: १९११ पूर्वीच्या सांस्कृतिक वस्तू चीनमधून बाहेर न्यायला तिथल्या नियमांनी बंदी आहे, त्यामुळे वस्तू चीनबाहेर कधीपासून आहे याचा कागद मागा. भारतात १९७२ चा पुराणवस्तू कायदा १०० वर्षं किंवा त्याहून जुन्या वस्तूंचा विचार करतो, आणि पुराणवस्तूची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी संग्राहकाने वस्तू घरी आणण्याआधी सीमाशुल्क सल्लागार आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्याकडे लेखी विचारणा करावी. एकदा आत आलेली वस्तू परत नेताना अडू शकते.

## टप्पा ७: किंमत ठरवणं

तुमच्या नोंदी समोर ठेवा आणि वस्तू कोणत्या पायरीवर बसते ते लिहा: विश्वासार्ह शिक्क्याची दरबारी, शिक्का नसलेली पण दरबारी दर्जाची, छिंग काळातली बाजारी, १९१२ ते १९४९ मधली, किंवा नवी. दोन पायऱ्यांत घोटाळत असाल तर खालच्या पायरीचा भाव द्या. विक्रेता त्याला तयार नसेल तर वस्तू सोडा. परत घेण्याची अट आणि वस्तूचा काळ पावतीवर लिहून घ्या. ‘छ्येनलोंग शैली’ आणि ‘छ्येनलोंग काळ’ या दोन शब्दप्रयोगांत सगळा पैसा आहे.

## टप्पा ८: घरी ठेवणं

नाजूक काचेसाठी सापेक्ष आर्द्रता ४० ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान स्थिर ठेवा. ५५ च्या वर काच ओलसर होऊ लागते, ४० च्या बरीच खाली गेली तर जाळी वेगाने वाढते. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हवा सहज ८० च्या पुढे जाते, म्हणून उघडी मांडणी चालणार नाही. घट्ट बसणारं काचेचं कपाट, आत हायग्रोमीटर आणि हव्या त्या आर्द्रतेला आधीच आणलेलं सिलिका जेल ठेवा. भट्टीत कोरडं केलेलं जेल थेट टाकणं ही मोठी चूक आहे. ते हवा एकदम सुकवतं आणि तडे वाढवतं.

नवीन प्लायवूड आणि एमडीएफचं कपाट टाळा, त्यातून सुटणारी आम्लं बंद जागेत काचेला बाधतात. कपाटात हॅलोजनचा दिवा नको. वस्तूत पाणी, फुलं, अत्तर काहीही ठेवू नका. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने काढा. धडधाकट काचेला डिस्टिल्ड पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला कापसाचा बोळा चालतो, जाळी धरलेल्या किंवा मीनाकारीच्या काचेला तोही नाही.

नोंदवहीत वजन, उंची, तोंड आणि बुडाचा व्यास, आणि बुडबुड्यांची जवळून काढलेली छायाचित्रं ठेवा. विम्यालाही तीच लागतात.

हायग्रोमीटर वर्षातून दोनदा, जूनच्या आधी आणि ऑक्टोबरनंतर तपासा. छोट्या झाकणात मीठ घेऊन पाण्याचे थेंब टाकून ओली खीर करा, पाणी वर साचू देऊ नका. ते झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. ७९ दिसले तर यंत्र ४ जास्त दाखवतंय. तो फरक चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा.